तिला कधीच गाडी लागली नाही

एसटीच्या नोकरीत मी चौतीस वर्षं काढली. सुरुवातीची पंधरा-सोळा कंडक्टर म्हणून, बाकीची तुळजापूरच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून. कंट्रोलर म्हणजे खिडकीत बसून गाड्यांच्या नोंदी करणारा आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माईकवरून ओरडणारा माणूस. घरच्यांना फिरायला पास मिळायचा. माझ्या बायकोचा पास निघायचा आणि कोरा करकरीत कपाटात पडून राहायचा. एसटीवाल्याची बायको एसटीत बसत नाही, यावर डेपोत इतके विनोद झाले, की नव्यानं आलेल्या ड्रायव्हरला ते आठवडाभरात पाठ व्हायचे.

"वहिनींचं भांडण एसटीशी हाय का तुमच्याशी?"

"तिला गाडी लागते," मी म्हणायचो.

गाडी लागणं हा आपल्याकडं सगळ्यांना पटणारा आजार आहे. त्यावर कुणी खोलात जाऊन विचारत नाही, उलट औषध सांगतं. लातूरच्या गाडीवरचा ड्रायव्हर म्हणाला, लिंबू हुंगत बसायचं. बार्शीच्या कंडक्टरनं आवळासुपारीची पुडी दिली. एक जण म्हणाला, सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसवा, अक्सीर इलाज आहे. वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकनं बेंबीवर चिकटपट्टी लावायचा उपाय सांगितला आणि चिकटपट्टीही दिली. मी सगळं इमानेइतबारे घरी न्यायचो. ती ते एका डब्यात ठेवायची. कुणी दिलेल्या आलेपाकाच्या वड्या मुलगा खाऊन टाकायचा.

आता खरं सांगतो. तिला कधीच गाडी लागली नाही. लग्न झालं त्या वर्षी मी तिला माझ्याच गाडीतून सोलापूरला नेलं होतं. येताना तुळजापूरच्या घाटात निम्मी गाडी तोंडाला रुमाल लावून बसलेली, आणि ही खिडकीत बसून पुडक्यातली गरम भजी खात होती. स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "एवढ्यात आलं व्हय?"

तिला जे झालं होतं ते वेगळंच होतं. पहिल्या बाळंतपणात ती फाटली, पार मागच्या वाटेपर्यंत. त्यानंतर तिला संडास धरून ठेवता येत नव्हती. वारा तर अजिबातच नाही. एवढी तीन वाक्यं मी पंचेचाळीस वर्षांत कुणासमोर बोललो नाही. लिहिल्यावर दिसतं, किती छोटी आहेत.

हे लिहायची परवानगी तिनं दोन अटींवर दिली. कुणाचंच नाव घालायचं नाही. आणि रडगाणं गायचं नाही. "वाचणारी बाई आधीच रडत असंल," ती म्हणाली, "तिला आनि कशाला रडवता?"

तिचं माहेर अणदूरजवळच्या एका खेड्यातलं, शेतकऱ्याचं घर. रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. पोरगं चांगलं दांडगं होतं, डोकं अडलं, गावातल्या सुईणीनं मोठ्या खटपटीनं सोडवलं. मी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन पोचलो. "जरा फाटलंय, भरून येईल," सासूबाई म्हणाल्या. शेक झाला, धुरी झाली, डिंकाचे लाडू झाले, बारसं झालं. तीन महिन्यांनी ती बाळ घेऊन तुळजापूरला आली.

आठ दिवसांत मला कळलं. माझी आई शेजारणीची नक्कल करून दाखवत होती. आई नकला छान करायची. ही हसायला लागली आणि हसता हसता एकदम गप्प होऊन न्हाणीकडं पळाली. संध्याकाळी मला म्हणाली, "आपोआप व्हतंय. कळतं, पण थांबवता येत न्हाय. मला भ्या वाटायलंय."

मी तिला सोलापूरला नेलं. घरात सांगितलं, डोळे दाखवायला चाललोय. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ती आत लुगडं नीट करत होती तेवढ्यात बाई बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आतला स्नायू तुटलाय. कापडी पिशवीच्या तोंडाला नाडी असते ना, तसा असतो तो. पण जोडता येतो. दोन-तीन महिन्यांत घेऊन या. आठ-दहा दिवस राहावं लागेल. आणि तिला नीट समजावून सांगा. तिची यात काही चूक नाही."

मी मान हलवली. कंडक्टरची मान, ती सगळ्यांनाच हलते.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "काय म्हणल्या?"

आता इथं माझ्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. गाडी मधेच बंद पडली की प्रवासी खाली उतरून कंडक्टरला घेरतात. दुसरी गाडी कधी येणार ते कंडक्टरलाही ठाऊक नसतं. मी अशा वेळी ठासून म्हणायचो, "मागून येतीय, दहा मिनिटांत." असं मला कुणी शिकवलं नव्हतं, उलट एका साहेबानं त्यावरून झापलंही होतं. पण लोक शांत व्हायचे, सावली बघून बसायचे. तासाभरानं ज्याचा तो काहीतरी मार्ग काढायचा, आणि मला कुणी शिव्या दिल्या तरी त्या लांबून द्यायचा.

"म्हणाल्या, वेळ हाच इलाज," मी तिला सांगितलं. "हळूहळू होईल बरं."

ती शांत झाली. बाळाला पाजायला घेतलं.

मनात होतं की नवरात्र झालं की न्यावं. तुळजापुरात नवरात्रात एसटीच्या माणसाला मरायलाही रजा मिळत नाही, जादा गाड्या, डबल ड्युट्या. नवरात्र झालं. दिवाळी आली. मग बाळाचे दात आले, मग आईचा गुडघा धरला. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं. वर्ष गेलं, आणि त्यानंतर मात्र तिला खरं सांगायचं म्हणजे वर्षभर दडवून ठेवलं हेही सांगावं लागणार होतं. मग दर वर्षी ते थोडं जास्तच अवघड होत गेलं.

गाडी लागण्याची थाप त्या पहिल्याच उन्हाळ्यात निघाली. तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी आळंदकडची, म्हणजे वऱ्हाड ट्रकमधून कर्नाटकात जाणार, दोन दिवस मुक्काम. तो स्वतः न्यायला आला. ती आत चुलीपुढं बसून राहिली. मला खुणेनं म्हणाली, मी कशी जाऊ?

मी बाहेर येऊन म्हणालो, "तिला गाडी लागते हो फार."

"हिला?" तो म्हणाला. "बैलगाडीच्या दांडीवर उभी राहून यायची ही! कधीपासनं?"

"बाळंतपणापासून."

तो पाणी न पिता गेला. पुढं त्यानं भावकीत सांगितलं, ताई आता तुळजापूरची झाली, तिला आमच्या मातीचा वास येतो. पाच वर्षं बोलला नाही. त्याची पोरं मोठी झाली तरी आत्याचं घर त्यांना रस्त्यावरनंच माहीत. हे सगळं तिनं ऐकलं, आणि एकदाही मला म्हणाली नाही की तुम्ही त्याला खरं सांगा. काय सांगणार होतो? मेहुण्याला?

तिनं तिच्यापुरता मार्ग काढला. आतून बांधायला जुन्या लुगड्यांच्या घड्या शिवल्या. हळदीकुंकवाला दाराजवळ बसायची, मग तेही सोडलं. कुणाकडं जेवायला जायची वेळ आली की तिला उपास असायचा. पोटात काही नसलं की बाहेर यायलाही काही नसतं, हा तिचा हिशोब. पण त्यामुळं गल्लीत अशी ख्याती झाली की बाया तिलाच विचारायला यायच्या, "उद्या कसला उपास हाय हो?" ती गंभीरपणानं सांगायची. एकदा तिनं घाईत असा एक उपास सांगितला जो कुठल्याच पंचांगात नव्हता. तो पुढं दोन-तीन घरांत बरीच वर्षं धरला जात होता.

दुसरं मूल झालं नाही. तिची हिंमत झाली नाही, माझीही नाही. त्यावरूनही बोलणी तिनंच खाल्ली.

एवढं सगळं असून आमचा संसार दुःखी होता असं म्हणता येणार नाही. ती मुळात हसरी बाई. फक्त हसायच्या आधी उठून उभी राहायची. नातीला लहानपणी वाटायचं की आजीची ती तऱ्हाच आहे. नातही हसताना उभी राहायला शिकली.

या नातीचंच बाळंतपण गेल्या वर्षी आमच्या घरी झालं. म्हणजे धाराशिवच्या दवाखान्यात झालं, पण माहेर आमचं. मूल मोठं, चिमटा लावून काढावं लागलं, फाटलं, आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथं टाके घातले. मुलगी झाली. पणजोबा झालो म्हणून मी स्टँडवर पेढे वाटले. ज्यांना वाटले त्यातल्या निम्म्यांनी मला ओळखलं नाही, पण पेढे घेतले.

तिचं सासर वाशीचं, आमच्याच जिल्ह्यातल्या, मुंबईकडच्या नव्हे. बियाण्याचं दुकान, थोडी शेती, चांगली माणसं. तीन महिन्यांनी पाठवणी करायची, जाता जाता येरमाळ्याला देवीची ओटी भरायची, असं ठरलेलं. जीप सांगितली. आदल्या दिवशी नात म्हणाली, "मला नाही जमणार. मला गाडी लागते."

घरात हशा पिकला. माझा मुलगा म्हणाला, "आली! आजीची नात शोभते." सूनबाई म्हणाली, "बाळंतपणानंतर आईंनाबी असंच झालं होतं म्हणं. घराण्यातच हाय."

मी एकटाच हसलो नाही. ही पोरगी तीन वर्षं तुळजापूर-धाराशिव रोज कॉलेजला गेली होती, मागच्या सीटवर, जिथं माणूस उसळून टपाला लागतो. तिथं बसून चिवडा खायची. मला ड्रायव्हर येऊन सांगायचे.

पाठवणी पंधरा दिवस पुढं गेली. मग आणखी आठ दिवस.

एका दुपारी बायको आणि नात मागच्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मी मधल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडलो होतो. त्यांना वाटलं झोपलाय.

"आजी, धरताच येत नाही गं. काल बाळ खोकलं म्हणून उचलायला वाकले आणि झालं."

"कळतंय मला."

"दाखवू का दवाखान्यात? सांगायचीच लाज वाटते. टाके तर चांगले भरले म्हणाले."

"दाखवून काय करतीस? मी दाखवलंय की. सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरणीला. वेळ हाच इलाज म्हणली. सोसायचं. घड्या कशा शिवायच्या ते दावते तुला. अन् कुठं जायचं निघालं की गाडी लागते म्हणायचं. कुणी इचारत न्हाय. माझं पंचेचाळीस वर्षं चाललंय की."

शेंगा फुटायच्या थांबल्या.

"पण आजी, पंचेचाळीस वर्षं वेळ गेला. तुझं कुठं बरं झालं?"

मग हाक आली, "अहो! जागे हाव का? हिला सांगा जरा. त्या डॉक्टरणीनं काय सांगितलंवतं?"

मी पेपर खाली घेतला. दोघी दाराशी येऊन उभ्या. नातीच्या पदरात टरफलं होती.

"हं," मी म्हणालो. "वेळ हाच इलाज, असंच म्हणाल्या होत्या."

पहिल्यांदा ही थाप मारली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि समोर नवरात्र होतं. या वेळी काय होतं? काहीच नव्हतं. पंखा चालू होता आणि पोटात दुपारचं वरण होतं.

मला वाटलं होतं, हेही जिरेल. पण जेवणाच्या वेळी दिसायला लागलं. नात अर्धी भाकरी खाऊन उठायची. अंगावर पाजणारी पोरगी, अर्धी भाकरी! सूनबाई आग्रह करायची तर म्हणायची, भूक नाही. आणि तिच्या शेजारी माझी बायको, तीही अर्धी भाकरी ठेवून उठायची, पहिल्यापासूनच उठायची, इतकी की मला ते दिसेनासं झालं होतं. आता दोन ताटं शेजारी शेजारी होती. चार दिवस मी ती ताटं बघितली.

त्यात वाशीहून विहीणबाईंचा फोन आला. नातीनं तो चुकून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आमच्याकडं यायचं नसंल तर तसं सांगा की बाई. गाडी लागते म्हणं! तुमच्यासाठी पालखी काढू का आता?"

नातीनं फोन ठेवला आणि बाळाची दुपटी घड्या करायला घेतली. आधीच घडी केलेली दुपटी ती उलगडून परत घड्या करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मुलगा कामावर गेलेला, सूनबाई बाळाला न्हाऊ घालायला मागं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या नव्हत्या."

"कोण?" बायको म्हणाली.

"सोलापूरच्या. त्या म्हणाल्या होत्या, आतला स्नायू तुटलाय. जोडता येतो. दोन-तीन महिन्यांत आणा, आठ-दहा दिवस राहावं लागेल."

ती चहा गाळत होती. गाळणी तशीच धरून राहिली.

"जोडता आला असता?"

"हो."

"तवा?"

"तेव्हा."

"आनि काय म्हणल्या?"

मी म्हणालो, "तिची यात काही चूक नाही, असं तिला समजावून सांगा म्हणाल्या."

तिनं गाळणी ठेवली. "ते तरी सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "त्याला काय आपरेशन लागत न्हवतं."

मी नवरात्राचं, रजेचं, आईचं सांगायला लागलो. म्हणालो, मी घाबरलो होतो.

"घाबरला न्हवता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमाला माझी लाज वाटली. आठ दिवस बायकांच्या दवाखान्यात बसून काय झालंय म्हणून लोकांना काय सांगायचं, ह्याची. तसं म्हणा."

"हो," मी म्हणालो. "लाज वाटली."

ती उठली. मला वाटलं आत जाऊन दार लावून घेईल. ती नातीकडं वळून म्हणाली, "पोरीला तुझ्या आईजवळ दे, न्हायतर घे संगं. सोलापूरची गाडी किती वाजता हाय बघ त्या मोबाईलात."

चौतीस वर्षं एसटीत घालवलेला माणूस समोर बसला होता आणि तिनं गाडीची वेळ मोबाईलला विचारायला लावली. मी तोंड उघडलं. नातीनं माझ्याकडं बघून मान हलवली, नको आजोबा. मी मिटलं.

त्या दोघी आणि बाळ पुढच्या गाडीनं गेल्या. मी मागच्या गाडीनं गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर तीन तास बसलो, शेजारच्या माणसानं मला दोनदा विचारलं, पेशंट कोण? मी म्हणालो, आत आहेत.

त्या बाहेर आल्या तेव्हा बायको मला ओलांडून चहाच्या टपरीकडं गेली, पण नातीनं शेजारी बसून सगळं सांगितलं. या वेळच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून चित्र काढून दाखवलं होतं. नातीचे टाके वरून भरले होते, आत स्नायूचा थोडा भाग सुटला होता. बोट घालून तपासलं, मग सोनोग्राफी. बाई म्हणाल्या, बऱ्याच जणींना असं होतं आणि बऱ्याच जणी सांगत नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम, खाण्यात बदल, संडास बांधून ठेवणारं औषध, दर महिन्याला तपासणी. त्यानं भागलं नाही तर ऑपरेशन. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी आधीच सांगायचं. उपाशी राहायचं नाही, हे तर रागावून सांगितलं.

"आणि आजी?"

"आजीनं मलाबी बघा म्हणून सांगितलं," नात म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, या वयात ऑपरेशनचा भरवसा कमी. पण व्यायामानं, औषधानं पुष्कळ फरक पडू शकतो. आजीनं विचारलं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी आले असते तर? डॉक्टर चित्राचा कागद सरळ करायला लागल्या. आजीनंच परत म्हटलं, जाऊ द्या, आजचं सांगा."

त्यानंतरचे दिवस माझे मजेत गेले असं म्हणणं बरं दिसणार नाही, पण घरातल्या बाकीच्यांची करमणूक झाली. बायको माझ्याशी थेट बोलेना. बाळाला मांडीवर घेऊन म्हणायची, "तुझ्या पणजोबांना म्हणावं, जेवायला वाढलंय." बाळ चार महिन्यांचं, ते माझ्याकडं बघून लाळ गाळायचं, तो निरोप समजायचा. उलट निरोपही मी बाळाकडंच द्यायचो.

रोज सकाळी मधल्या खोलीत आजी आणि नात सतरंजीवर आडव्या व्हायच्या. "आवळ... धर... धर... सोड." आजी आकडे मोजायची, तेही लई सावकाश. नात ओरडायची, "आजी, दहाला पाच मिनिटं लावतीस!" शेजारणीला वाटलं योगाचा वर्ग निघालाय, ती सतरंजी घेऊन आली. तिला खरं सांगितलं, तर तिनं आपली सतरंजी त्यांच्याशेजारीच अंथरली. मी ओट्यावर बसायचो. मला आत यायची बंदी होती.

नातीला दोन महिन्यांत चांगला फरक पडला. वाशीला तिनं स्वतः फोन केला, सगळं सांगितलं, शब्द न चोरता. मग विहीणबाई म्हणाल्या, "मग आधी का न्हाय सांगितलंस? आमी काय वाघ हाव का?" येरमाळ्याला ओटी भरली. जीपनं नाही, आमच्या बायकोच्या हट्टानं एसटीनं गेले सगळे. आता नात वाशीतच असते. पोटभर जेवते.

मेहुण्याला मी फोन केला. ते मला एकट्यालाच करायचं होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, तुमचं वय झालंय म्हणून गप बसतो." आणि गप्प बसला. तो फोन मी धरून ठेवला, त्यानंही ठेवला नाही. मग म्हणाला, "ताईला द्या." ती पडवीत जाऊन तासभर बोलली. काय ते मला माहीत नाही, पण मधे एकदा मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं. उभी राहून हसली का बसून, ते मला दिसलं नाही.

तिचं पूर्ण बरं झालेलं नाही. आठवड्यात एखादा दिवस वाईट जातो. बाकीच्या दिवशी ती देवळात जाते, बाजारात जाते, आणि पूर्ण भाकरी खाते. मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. बोलते आता, थेट बोलते. बाळ वाशीला गेल्यावर निरोप द्यायला कुणी उरलं नाही, हेही कारण असेल.

मात्र तिला एक नवीन सवय लागली आहे. गल्लीत कुणाकडं बाळंतीण आली की ही झबलं-टोपडं घेऊन जाते, बाळाची दृष्ट काढते, आणि मग बाळंतिणीला सरळ विचारते, "वारा धरता येतो का? संडास धरता येती का?" आधी बाया तोंडाला पदर लावायच्या. एकीची सासू म्हणाली, "काय बाई इचारती, आनि ते बी बाळापुढं!" ही म्हणाली, "बाळ न्हाय सांगणार कुणाला."

गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतली एक पोरगी तिच्या नवऱ्याबरोबर आमच्याकडंच आली. लाजत लाजत. दीड महिन्याचं बाळ. मी सवयीनं उठून ओट्यावर निघालो.

"बसा," बायको म्हणाली. "तुमीबी ऐका."

मी बसलो. पोरीनं खाली बघून सांगितलं, हळू आवाजात, काही शब्द गिळून. बायकोनं गिळलेले शब्द स्वतः पुरे केले. मग ती त्या नवऱ्याकडं वळली. तो दाराच्या चौकटीला टेकून मोबाईल बघत होता, म्हणजे बघितल्यासारखं करत होता.

"उद्या सोलापूरला जावा. अन् ऐक, डॉक्टर तुला बाहेर बोलवून सांगायला लागल्या तर जाऊ नको. म्हणावं, काय सांगायचं ते हिच्या तोंडावर सांगा. हिचं अंग हाय."

त्यानं मोबाईल खिशात घातला. माझ्याकडं बघितलं, एका बाप्यानं दुसऱ्या बाप्याकडं बघावं तसं, की हे आवश्यक आहे का?

"हो," मी म्हणालो. "दोघं आत बसा. आणि आल्यावर हिला विचार, काय कळलं ते. तू सांगू नकोस."